‘काही लागलं तर सांग गं’ हे वाक्य आता बाद करू या

मैत्रिणीच्या घरचं कुणी ॲडमिट झालं की ग्रुपवर पाच मिनिटांत हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते, आणि रांगेच्या शेवटी हमखास ते वाक्य येतं : ‘काही लागलं तर सांग गं, संकोच करू नकोस.’ म्हणणारीच्या मनात खोट नसते. पण ऐकणारीचं काम मात्र वाढतं. आधी काय लागेल ते तिनंच आठवायचं, मग कुणाला सांगावं ते ठरवायचं, मग तिला सोयीचं आहे का ते विचारायचं. एवढा खटाटोप करण्यापेक्षा ती आपली आपणच निस्तरते आणि ‘सध्या काही नको, थँक्यू’ असं लिहून टाकते.

त्याऐवजी वार, वेळ आणि वस्तू सांगावी. ‘मंगळवारी साडेबाराला दोघांचा डबा आणते. खाली गेटपाशी देते, वर येत नाही.’ ह्याला उत्तर द्यायला डोकं लागत नाही. ‘हो’ म्हणायचं, नाहीतर ‘बुधवारी आण’.

पंचेचाळिशी ते पंचावन्न ह्या दहा वर्षांत सगळं एकदमच येतं. मुलीची बारावी, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, गावाकडे एकट्या राहणाऱ्या आईचं पडणं, नवऱ्याची नव्यानं सापडलेली शुगर आणि स्वतःची महिना-दोन महिने हुकायला लागलेली पाळी. भिशीत दहा-बाराजणी असतील तर दर महिन्याला कुणा ना कुणाकडे ह्यातलं काहीतरी चालू असतंच. म्हणून भिशीच्या दुपारी साबुदाणेवडे संपले की अर्धा तास ह्या कामाच्या बोलण्यांना द्यावा. बाकीचा वेळ साड्या आणि सुना आहेतच.

डब्याचं आधी सांगते, कारण चुका तिथेच जास्त होतात. बऱ्याच हॉस्पिटलांत पेशंटला तिथलंच पथ्याचं जेवण मिळतं आणि बाहेरचं चालत नाही. डबा लागतो तो सोबत बसलेल्या माणसाला. ते माणूस स्टुलावर बसून, डबा मांडीवर धरून, नर्सनं हाक मारली तर उठावं लागेल ह्या बेतानं जेवतं. तेव्हा रस्सा, आमटी, पातळ वरण नको. सुकटीचा किंवा लसणाच्या फोडणीचा घमघमाट वॉर्डात नको. साधी पोळी दुपारी चारपर्यंत चामट होते. त्यापेक्षा दशम्या कराव्यात. दोन वाट्या कणकेला पाऊण ते एक वाटी दूध, चमचाभर तेल आणि मीठ. पाण्याचा थेंब न घालता भिजवायची. ह्या दशम्या रात्रीपर्यंत मऊ राहतात, आणि जेवण दुपारी एकला होणार की साडेचारला ह्याचा हॉस्पिटलात भरवसा नसतो. भाजी कोरडी : काचऱ्या, पीठ पेरलेली भोपळी मिरची, परतलेली भेंडी. ओला नारळ अजिबात नको, उन्हाळ्यात दोन-तीन तासांत आंबूस वास मारतो. दाण्याचं कूट चालतं. कोशिंबिरीला पाणी सुटतं, म्हणून काकडीच्या फोडी आणि मीठ वेगळ्या पुडीत. ताक झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत. आणि दोन लाडू, बेसनाचे किंवा डिंकाचे. रात्री दोन वाजता भूक लागते तेव्हा कँटीन बंद असतं.

माणशी चार दशम्या आणि वाटीभर भाजी पुरते. प्रेमापोटी आठ माणसांचं पाठवलं की उरलेल्याचं काय करायचं ही नवी चिंता तिच्या डोक्यावर बसते.

दुसरा डबा सगळ्यांच्या लक्षातून सुटतो. ती हॉस्पिटलात असते तेव्हा तिच्या घरी बारावीतली मुलगी असते, नाहीतर पथ्याचं खाणाऱ्या सासूबाई असतात. हा घरचा डबा तिच्याच इमारतीतल्या किंवा शेजारच्या मैत्रिणीनं घ्यावा, संध्याकाळी सातला. सासूबाईंना दात नसतील तर मऊ भात, मुगाचं वरण, दुधी. शुगर असेल तर भात अर्धा करून एक मऊ पोळी द्यावी. आणि डबा दारात ठेवून निघू नये, सासूबाईंशी पाच मिनिटं बोलावं. दिवसभर घरात त्यांच्याशी कुणी बोललेलं नसतं.

हे सगळं ठरवायला एकच बाई हवी. नाहीतर पहिल्या दिवशी तीन डबे येतात, दुसऱ्या दिवशी पाच आणि चौथ्या दिवशी एकही नाही. आजारपणाचे पहिले दोन दिवस नातेवाईकच इतके येतात की आपली गरज नसते. खरी ओढाताण चौथ्या-पाचव्या दिवसापासून सुरू होते : भावजय गावाला परत गेलेली असते, नवऱ्याची रजा संपलेली असते. आपला नंबर तिथून लावावा.

रात्रीची सोबत ही डब्यापेक्षा मोठी मदत आहे, पण ती अर्ध्याजणींना जमणार नाही आणि न जमण्यात कमीपणा नाही. ज्या जातील त्यांनी पिशवी नीट भरावी. शाल किंवा स्वेटर, कारण एसीचा झोत नेमका सोबतीच्या बाकड्यावर येतो. लांब वायरचा चार्जर, पायात चपला न वाजणाऱ्या, दात घासायचं सामान, पेन, सुटे पैसे. पेशंटच्या आधार कार्डाच्या आणि पॉलिसीच्या दोन-दोन झेरॉक्स. आणि एक शंभर पानी वही.

ह्या वहीबद्दल मी जरा हट्टी आहे. पहिल्या पानावर पेशंटच्या नेहमीच्या गोळ्या लिहायच्या : नाव, किती मिलिग्रॅम, कधी, कुठल्या औषधाची ॲलर्जी, आधीची ऑपरेशनं, फॅमिली डॉक्टरांचा नंबर. पुढच्या पानांपासून तारीख, वेळ आणि कोण काय म्हणालं. डॉक्टर राउंडला येतात ते चार-पाच मिनिटं, आणि त्या वेळी सोबतीला असणारं माणूस रोज बदलतं. सकाळी भाऊ असतो, दुपारी ती, रात्री मैत्रीण. वही नसेल तर प्रत्येकजण दुसऱ्याला अर्धवट सांगतो आणि तिसऱ्या दिवशी घरात भांडण होतं. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आधी लिहून ठेवावेत, तीनच : आज काय बदल आहे, आता कशाची वाट बघतोय, आणि कुठली लक्षणं दिसली तर नर्सला लगेच हाक मारायची.

आता पैशाचं. मेडिक्लेम आहे म्हणून निर्धास्त असलेल्या घरांना सगळ्यात मोठा फटका खोलीच्या भाड्यात बसतो. समजा पॉलिसी ५ लाखांची आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. बरी खोली म्हणून ८,००० ची घेतली. सगळ्यांना वाटतं, वरचे ३,००० आपण भरू. पण अशा बहुतेक पॉलिशांत खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणारे बाकीचे खर्चही, डॉक्टरांच्या भेटी, ऑपरेशनचे चार्जेस, नर्सिंग, त्याच प्रमाणात कापतात. म्हणजे ८ पैकी ५. अशा खर्चाचे २ लाख झाले तर मंजूर होतात १ लाख २५ हजार, उरलेले ७५ हजार घरातून. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या ह्या कपातीतून बाहेर असतात, तरी आकडा डोळ्यांत पाणी आणतो. म्हणून ॲडमिट करताना काउंटरवर पहिला प्रश्न : ‘आमच्या पॉलिसीत बसणारी खोली कुठली?’ आणि हा प्रश्न मैत्रिणीनं विचारावा. घरचं माणूस त्या क्षणी ‘पैशाकडे बघू नका’ म्हणण्याच्या मनःस्थितीत असतं.

अचानक ॲडमिट करावं लागलं तर कंपनीला कळवायची मुदत बहुतेक पॉलिशांत २४ तासांची असते. रविवार आहे म्हणून थांबू नये. कॅशलेसची, म्हणजे हॉस्पिटलचं बिल कंपनीनं परस्पर भरण्याची, पहिली मंजुरी एका तासात आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असा विमा नियामकाचा २०२४ पासूनचा नियम आहे. त्याहून जास्त रखडलं तर नियमाचं नाव घेऊन सौम्यपणे विचारावं. पैसे भरून नंतर क्लेम करायचा असेल तर डिस्चार्ज कार्ड, सगळी मूळ बिलं, पैसे भरल्याच्या पावत्या, तपासण्यांचे रिपोर्ट आणि औषधाच्या प्रत्येक बिलाला त्याची डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठी नसलेलं बिल कापतात. ह्या कागदांची फाइल लावून देणं हे कुणा बँकेतल्या किंवा शाळेच्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडे सोपवावं. तिला ते अर्ध्या तासाचं काम आहे, दुसरीला दोन दिवसांचं.

घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल आणि मेडिक्लेम नसेल, तर सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान कार्ड काढून ठेवावं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न किती ह्याची अट न लावता, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. ही मर्यादा घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून असते. आधारवर वय नीट आहे ना हे आधी तपासावं. जवळचं कुठलं हॉस्पिटल ह्या योजनेच्या यादीत आहे हेही आजच बघून ठेवावं, गरज पडेल त्या रात्री नव्हे.

डिस्चार्जच्या दिवशी घोळ होतो तो गोळ्यांचा. नवी यादी मिळते आणि जुनी फ्रिजवर तशीच चिकटलेली असते. मग तीच बीपीची गोळी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावानं सकाळी दोनदा पोटात जाते. घरी सोडताना एक वाक्य विचारायचंच : ‘जुन्यांतल्या कुठल्या बंद करायच्या?’ त्यांची पाकिटं त्याच दिवशी कपाटातून काढून टाकायची.

पडून हाड मोडलेल्या आईला घरी आणायच्या आधी मैत्रिणींपैकी कुणीतरी प्लंबर किंवा सुताराला घेऊन बाथरूम बघून यावं. कमोडशेजारी आणि आंघोळीच्या जागी स्टीलचा धरायचा दांडा, जमिनीपासून पावणेतीन ते तीन फुटांवर. टॉवेल अडकवायचा दांडा धरून उठायची सवय जीवघेणी आहे. तो वजन पेलण्यासाठी बनवलेलाच नसतो. दांडा बसवताना भोक फरशीच्या पलीकडे विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोल गेलं पाहिजे आणि लोखंडी अँकर वापरला पाहिजे. प्लास्टिकच्या गिट्ट्या भार पडला की सुटतात. बसवून झाल्यावर सुतारालाच त्याला लोंबकळायला सांगावं, हसेल पण लोंबकळेल. कमोड बुटका असेल तर वर बसवायची उंच सीट मेडिकलच्या दुकानात मिळते. बाथरूमची कडी बाहेरून उघडेल अशी. पायपुसणी उचलून टाकायची, तिची दुमडलेली कड पायात अडकते. बिछान्यापासून बाथरूमपर्यंत रात्री एक लहान दिवा. आणि त्यांना सवय लावायची : झोपेतून उठल्यावर लगेच उभं राहायचं नाही, काठावर मिनिट-दोन मिनिटं बसायचं, मग उठायचं. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांचं प्रेशर उभं राहताना झपकन उतरतं आणि तोल जातो.

एक नंबर सगळ्यांच्या तोंडपाठ हवा, १०८. महाराष्ट्रात २०१४ पासून ही ॲम्ब्युलन्स फुकट मिळते. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं जड झालं, तर तो पक्षाघात असू शकतो. कांदा हुंगवत किंवा पाय चोळत बसायचं नाही. पाणीही पाजायचं नाही, ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं आणि ते तास लक्षणं सुरू झाली तेव्हापासून मोजतात. म्हणून घड्याळ बघून वेळ लिहून ठेवायची. आणि सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलातच जायचं.

इथवर दुसऱ्यांचं झालं. आपलं शेवटी येतं, नेहमीसारखंच.

पाळी जाण्याच्या काळाबद्दल भिशीत बोलायला आपल्याला अजूनही कुजबुजावं लागतं. बोललं तर बरं, कारण सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली, ही साधी व्याख्याही बऱ्याचजणींना माहीत नसते. आपल्याकडे हे साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळिशीच्या आसपास होतं आणि त्याआधीची काही वर्षं गोंधळाची असतात : अंगातून वाफा, रात्री तीनला जाग, विनाकारण चिडचिड, विसरभोळेपणा, सांधे धरणं. हे सगळं ‘वयाचं’ म्हणून सोडून द्यायच्या आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) बघावं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर दमणूक मनाची नाही, रक्ताची आहे. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे शुगर दाराशी उभी आहे, ६.५ आणि पुढे म्हणजे घरात आलेली.

दोन गोष्टींत मात्र मैत्रिणीला हाताला धरून डॉक्टरकडे न्यावं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा थोडं जरी अंगावरून गेलं, एखादा डाग का असेना, तर ‘उष्णतेनं झालं असेल’ म्हणून सब्जाचं पाणी पीत बसायचं नाही. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफी. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या कॅन्सरची पहिली खूणही हीच असते. दुसरं म्हणजे पाळी अनियमित झाली तरी गर्भ राहू शकतो. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर पुढची दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यावी, असं डॉक्टर सांगतात. हे ऐकून सगळ्या हसतात, आणि मग एकजण हळूच पुन्हा विचारते.

आपल्या गटात थायरॉइडची गोळी न घेणारी विरळाच. ती गोळी चुकीच्या वेळी घेणाऱ्या मात्र पुष्कळ. सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब, नाहीतर थायरॉइडची गोळी शरीरात नीट शोषली जात नाही. मग रिपोर्ट बिघडतो, डॉक्टर डोस वाढवतात आणि आपण नशिबाला बोल लावतो. कॅल्शियम आणि लोहही एकमेकांच्या वाटेत येतात. तेव्हा ढोबळ वेळापत्रक असं : सहाला थायरॉइड, सातला चहा, अकराच्या सुमाराला लिंबूपाण्याबरोबर लोह, रात्री जेवणानंतर कॅल्शियम. लोहाच्या गोळीवर लगेच चहा घेतला तर निम्मी मेहनत वाया. गोळीनं पोट बिघडत असेल तर डॉक्टरांना विचारून ती जेवणानंतर किंवा एक दिवसाआड घेता येते. परस्पर बंद करू नये. नाचणी, तीळ, दूध हे रोजच्या खाण्यात हवंच. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. मात्र एका भाकरीला निम्मंच पीठ लागतं, हे विसरून ‘मी नाचणी खाते’ म्हणण्यात अर्थ नाही.

बीपीचं मशीन एकीनं भिशीला आणावं आणि सगळ्यांचं बघावं ही कल्पना चांगली, पण जिना चढून आल्याआल्या, चहा पीत, गप्पा मारत घेतलेला आकडा कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचा असतो. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, भिशीत हीच अवघड अट. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर छातीच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर, ब्लाउजच्या बाहीवर नाही. अर्ध्या तासात चहा-कॉफी झालेली नको. दोन वेळा घ्यायचं, मध्ये एक मिनिट. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. घरी सलग आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर तो कागद घेऊन डॉक्टरकडे.

आता बोलण्याविषयी थोडं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. एकजण सांगायला लागते, ‘सासूबाईंना आता काही आठवत नाही गं, रात्रभर दार वाजवत बसतात,’ आणि वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरी म्हणते, ‘तुझं काहीच नाही, माझ्या सासूबाई तर...’ झालं. सांगणारी गप्प होते. तिसरी ब्राह्मीचं तेल सुचवते, चौथी एका बाबांचा पत्ता देते. विचारावं फक्त एवढं : ‘तुला नुसतं बोलायचंय की काही मार्ग काढायचाय?’ नुसतं बोलायचं असेल तर चहा ओतून द्यायचा आणि ऐकायचं. ‘त्यात काय एवढं’ आणि ‘पॉझिटिव्ह राहा’ ही दोन वाक्यंही बाद.

एकीनं सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय नवऱ्याला सांगायचं नाही. गाव लहान असतं, नवरे एकमेकांना बँकेत, मंडईत भेटतात आणि ‘वहिनी, आता कसं वाटतंय?’ विचारून मोकळे होतात. ती पुन्हा तोंड उघडत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, खाणं सुटलंय, कशातच मन लागत नाही, भिशीलाही ‘पुढच्या वेळी येते’ म्हणते, असं दिसलं तर तिला एकटीला गाठून सरळ विचारावं. ‘जगावंसं वाटत नाही असं मनात येतं का?’ हेही विचारता येतं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली तर तिला एकटी सोडायचं नाही, घरच्या एका विश्वासाच्या माणसाला सांगायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तिनं गुप्त ठेव म्हटलं तरी हे गुपित राखायचं नसतं. १४४१६ हा टेली-मानस ह्या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी फोन चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. पहिला फोन लावताना शेजारी बसावं.

भिशीच्या पैशांचा उपयोगही अशा वेळी नीट करता येतो. बाराजणी, दरमहा दोन हजार, म्हणजे चिठ्ठी निघेल तिला २४ हजार. ज्या घरी अडचण आहे तिला ह्या महिन्याचा नंबर द्यावा आणि जिची चिठ्ठी निघाली तिनं अडचणीतलीचा पुढचा नंबर घ्यावा. हे उसने देणं नाही, अदलाबदल आहे, त्यामुळे कुणाची मान खाली जात नाही. वेगळे उसने पैसे दिलेच तर रक्कम, तारीख आणि परतीचा महिना दोघींच्या फोनवर एकेका ओळीत लिहिलेला असावा. गेले तर चालतील एवढेच द्यावेत.

कागदांबद्दल दोनच गोष्टी सांगते. पहिली : नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते. ते शेवटी कुणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. ‘माझं नाव नॉमिनीत आहे’ एवढ्यावर विसंबलेल्या बायका पुढे दिरांसमोर गांगरतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकखात्याला चार नॉमिनी लावता येतात आणि प्रत्येकाचा टक्का लिहिता येतो. पासबुक घेऊन जावं आणि नॉमिनी लागलाय का ते विचारावं. जुन्या खात्यांवर बऱ्याचदा कुणीच नसतं, किंवा नवऱ्याच्या खात्यावर लग्नाआधी घातलेलं सासूबाईंचं नाव असतं. दुसरी : मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि त्यांच्यासमोर सही व्हावी. ज्यांना त्यातून काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार घेऊ नये, आपल्यापेक्षा वयानं लहान घ्यावेत. इथे मैत्रिणी उपयोगी पडतात. सासऱ्यांच्या मृत्युपत्रावर सही करायला दोन मैत्रिणींचे धाकटे भाऊ रविवारी सकाळी येऊन गेले तर घरात चर्चाही होत नाही. वय जास्त असेल तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं, शुद्धीत आणि समजून सही केल्याचं, सर्टिफिकेट जोडावं.

आणि घरात पेन्शनवालं कुणी असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. आजारपणाच्या गडबडीत तो राहतो आणि डिसेंबरपासून पेन्शन थांबते. आता तो फोनवर चेहरा दाखवूनही देता येतो, तेवढं काम डबा घेऊन आलेली मैत्रीण जाता जाता करून देऊ शकते.

डब्याचं एक राहिलं. झाकणावर आणि बुडाला मार्करनं नाव घालून ठेवा, नाहीतर तिच्या ओट्यावर महिनाभरानं सात परके डबे जमतात आणि कुणाचा कुठला ते तिला आठवत नाही. परत आणायला तिला सांगू नका, पुढचा डबा देताना आधीचा घेऊन या. ती रिकामा द्यायला तयार होणार नाही, रीत आहे आपली. अडून बसली तर तळाला चिमूटभर साखर टाक म्हणा आणि झाकण लावून पिशवीत टाका.